जहाजावरचे मिस्टर

"पप्पा कुठे असतात?" मी विचारलं.

"जहाजावर," रेवती म्हणाली.

"आत्ता कुठे आहेत?"

"मोम्बासाला. तिथून डर्बनला जाणार."

"आणि घरी कधी येणार?"

"मे महिन्यात."

"नाही. इथे दिवाळीत सांगायचं."

"पण गोळेकाकूंना आपण मे महिन्यात सांगितलंय."

"गोळेकाकू वेगळ्या. आता आपण त्यांच्याकडे राहणार नाही ना?"

"बरं. दिवाळीत," म्हणून ती खिडकीबाहेर बघायला लागली.

रविवार होता. डेक्कनहून सुटलेली बस कर्वेनगरच्या पुढे गेली तेव्हा आत आम्ही पाच-सहा माणसंच उरलो होतो. गोष्ट एकोणीसशे चौऱ्याण्णवच्या फेब्रुवारीतली. वारज्याच्या अलीकडे तेव्हा एका बाजूला ज्वारी उभी असायची आणि दुसऱ्या बाजूला बांबूंच्या परांच्या. पुणं त्या अंगाने नुसतं पळत सुटलं होतं. त्यातल्या चार इमारतींचे नकाशे माझ्या हातचे होते. मी एका आर्किटेक्टच्या ऑफिसात ट्रेसर होते. साहेब पेन्सिलने नकाशा काढायचे आणि मी तो ट्रेसिंग पेपरवर शाईने उतरवायची. चुकलं की ब्लेडने हलक्या हाताने खरवडून पुन्हा काढायचं. हॉल, स्वयंपाकघर, बेडरूम, बाल्कनी हे मी इतक्या वेळा काढलं होतं की डोळे मिटून काढता आलं असतं. आणि मी स्वतः एरंडवण्यातल्या गोळेकाकूंच्या बंगल्याच्या गॅरेजवर, दहा बाय बाराच्या खोलीत राहत होते. सहा वर्षांतली ती माझी सातवी जागा.

मिस्टर जहाजावर नव्हते. ते बार्शीत होते. त्यांचं तिथे कॅसेटचं दुकान होतं आणि घरात दुसरी बाई होती. रेवती दीड वर्षाची असताना त्यांनी त्या बाईला घरी आणलं आणि मला म्हणाले, "तुला राहायचं तर रहा, पण हिच्या हाताखाली." मी राहिले नाही. माहेरी दोन महिने काढले. तिथे वहिनी काही बोलायची नाही, पण ताट जरा जोरात ठेवायची. आयटीआयचा ड्राफ्ट्समनचा कोर्स लग्नाआधी केलेला होता, त्याच्या जोरावर पुण्याला आले.

नोकरी पंधरा दिवसांत लागली. जागा मिळेना. पहिल्या चार ठिकाणी मी खरं ते सांगितलं. एका ठिकाणी काकांनी दारातूनच हात जोडले. एका ठिकाणी बाई म्हणाल्या, "तू चांगलीच असशील गं, पण आमच्याकडे जावई येतात." पाचव्या ठिकाणी, शुक्रवार पेठेत, म्हाताऱ्या मालकीणबाईंनी विचारलं, "मिस्टर कुठे असतात?" त्यांच्या मागे भिंतीवर एक कॅलेंडर होतं. त्यावर निळ्या समुद्रात पांढरं जहाज. मी म्हणाले, "जहाजावर."

बाईंचा चेहराच बदलला. "अगंबाई! मग बैस ना. चहा घेणार का?"

तेव्हापासून मिस्टर जहाजावर गेले ते गेलेच. भाड्याची जागा अकरा महिन्यांच्या कराराने मिळायची, आणि अकरा महिने तेवढं पुरायचं. पुढे पुढे लोक विचारायला लागायचे, पत्र कसं येत नाही, फोन कसा येत नाही. तोपर्यंत करार संपत आलेला असायचा. मी सामान बांधायची. रेवती मोठी होत गेली तशी तिलाही उत्तरं द्यावी लागायला लागली, म्हणून तिलाही शिकवली. ॲटलास विकत घेतला. बंदरांची नावं तिला माझ्यापेक्षा लवकर पाठ झाली.

आता मात्र मी विकत घर घेत होते. त्यासाठी काय काय केलं, गळ्यातलं काय मोडलं, भावाने वहिनीच्या नकळत काय दिलं, ती गोष्ट वेगळी आहे आणि ती आज सांगत नाही. मांजरेकरबाई म्हणून एक विधवा बाई होत्या. त्या बडोद्याला मुलीकडे कायमच्या जाणार होत्या आणि त्यांचा दुसऱ्या मजल्यावरचा दोन खोल्यांचा फ्लॅट मला द्यायला तयार होत्या. पण सोसायटीने सभासद करून घेतल्याशिवाय घर माझ्या नावावर होणार नव्हतं. त्यासाठी कमिटीने त्या रविवारी अकरा वाजता भेटायला बोलावलं होतं.

"मुलीलाही आण," मांजरेकरबाई म्हणाल्या होत्या. "बरं दिसतं. आणि मिस्टरांचा फोटो असला तर तोही ठेव जवळ. जठारसाहेब जरा चौकस आहेत."

त्यांनाही मी जहाजच सांगितलं होतं.

सोसायटीचं वेगळं ऑफिस नव्हतं. सेक्रेटरी उकिडवे तळमजल्यावर राहायचे, त्यांच्याच पुढच्या खोलीत बैठक होती. टेबलावर फुलाफुलांचं रेक्झिन, त्यावर एक जाडजूड रजिस्टर, शाईची दौत आणि डिंकाची बाटली. उकिडवे नुकतेच पोस्टातून निवृत्त झाले होते. बारीक, उंच, चष्म्याला काळी दोरी. शेजारी शेवडेबाई, शाळेत शिक्षिका होत्या. आणि मधल्या खुर्चीत चेअरमन जठार, कडक इस्त्रीचा बुशशर्ट घालून.

"बसा," उकिडवे म्हणाले. "नाव प्रभा दत्तात्रय कोरे. बरोबर?"

"हो."

"नोकरी?"

मी सांगितलं. त्यांनी टपोऱ्या अक्षरात लिहून घेतलं. एक एक रकाना भरत ते पुढे जात होते. घरात माणसं किती, वाहन आहे का, कुत्रं-मांजर आहे का. मला वाटलं, होऊन जाईल. तेवढ्यात जठार पुढे वाकले.

"मिस्टर काय करतात तुमचे?"

"जठारसाहेब," उकिडवे वर न बघता म्हणाले, "तो प्रश्न अर्जात नाही."

"अर्जात नसेल. मला विचारायचाय."

"अर्जात जेवढं आहे तेवढं विचारून घेतो मी आधी."

"अहो उकिडवे, घर म्हणजे काय पोस्टाची पेटी आहे का? इथे कुटुंबं राहतात. माणूस कोण येतोय ते कळायला नको?"

उकिडव्यांनी टाक दौतीत बुडवला आणि तसाच धरून ठेवला. मला त्यांचा राग आला. हा माणूस नियमावर बोट ठेवून उगाच चेअरमनला चिडवतोय आणि त्याचा राग माझ्यावर निघणार, असं वाटलं. मी तोंड उघडणार, तेवढ्यात शेजारून आवाज आला.

"माझे पप्पा जहाजावर असतात."

रेवती खुर्चीत ताठ बसली होती. पाय जमिनीला पोचत नव्हते.

"असं होय?" शेवडेबाई हसल्या. "आत्ता कुठे आहे मग जहाज?"

"मोम्बासाला. तिथून डर्बनला जाणार. मग दिवाळीत पप्पा घरी येणार."

"मोम्बासा कुठे आहे माहीत आहे का तुला?"

"केनियात. आफ्रिकेच्या उजव्या बाजूला."

"हुशार आहे हो मुलगी," शेवडेबाई जठारांना म्हणाल्या. जठारही जरा सैल झाले. खुर्चीला पाठ टेकून त्यांनी विचारलं, "काय काय पाठवतात मग पप्पा तिकडून?"

हे मी तिला शिकवलं नव्हतं. हा प्रश्न कुणी कधी विचारलाच नव्हता. मी तिच्याकडे बघितलं. ती जराही अडखळली नाही.

"मोठा शंख पाठवला होता. पण तो वाटेत फुटला. म्हणून आता आमच्याकडे नाही."

आणि मग तिने माझ्याकडे बघितलं. शाळेत कविता म्हणून झाली की ती जशी बाईंकडे बघायची ना, नीट म्हटली का, तसं.

मला आजही तो शंख दिसतो. कधीच नसलेला. आठ वर्षांच्या पोरीने तो उभा केला, आणि उद्या कुणी दाखव म्हणालं तर काय, म्हणून लगेच फोडूनही टाकला. हे तिला कुणी शिकवलं? मीच. सहा वर्षं, सात घरं, बसमध्ये, रिक्षात, जेवताना. तिच्या चेहऱ्यावर भीतीचं नाव नव्हतं. भीती असती तर कदाचित मी गप्प बसले असते.

"ती खोटं बोलतेय," मी म्हणाले. "मीच शिकवलंय तिला. तिचे वडील जहाजावर नाहीत."

बाहेर कुणीतरी सायकल स्टँडवर लावली, तो आवाज आला.

मी सगळं सांगितलं. फार वेळ लागला नाही. बार्शी, कॅसेटचं दुकान, ती बाई, माहेर. घटस्फोट झालेला नाही, हेही सांगितलं. मी सांगत होते तेव्हा शेवडेबाई टेबलाच्या रेक्झिनकडे बघत होत्या. उकिडवे माझ्याकडे बघत होते, पण त्यांच्या चेहऱ्यावर काही हललं नाही. मला वाटलं, पोस्टातल्या माणसाला कशाचंच काही वाटत नसेल.

"म्हणजे आम्हाला फसवायला निघाला होतात तुम्ही," जठार म्हणाले.

"हो."

"आणि आता सांगताय ते खरं कशावरून?"

मी पर्समधून फोटो काढला. पांढरा शर्ट घातलेला एक माणूस, मागे समुद्र. माझ्या ऑफिसातल्या एका बाईंच्या दिराचा तो जुना फोटो होता. त्यासोबत एका जहाज कंपनीचं व्हिजिटिंग कार्ड, रद्दीतल्या मासिकातून कापलेलं जहाजाचं चित्र. सगळं टेबलावर ठेवलं.

"हे खोट्याचे पुरावे," मी म्हणाले. "हे जमवायला मला सहा वर्षं लागली. खऱ्याचा पुरावा माझ्याकडे काही नाही."

जठारांनी फोटो उचलला, बघितला, खाली ठेवला. "उद्या तो माणूस इथे येऊन गोंधळ घालेल. मग?"

"साडेसहा वर्षांत एकदाही आला नाही. मुलगी कितवीत आहे ते त्याला माहीत नाही."

"पण समजा आला?"

"आला तर मी दार उघडणार नाही."

मग उकिडव्यांनी टाक पुन्हा दौतीत बुडवला आणि जणू मधे काही घडलंच नाही अशा आवाजात विचारलं, "पाणी सकाळी पावणेसहाला येतं. सव्वासहाला जातं. वरच्या टाकीची मोटर सभासदांनी पाळीपाळीने लावायची असते. तुमची पाळी आली तर जमेल?"

"जमेल."

त्यांनी लिहिलं. "निर्णय पत्राने कळवू."

आम्ही बाहेर पडलो. फाटकाशी थांबून रेवतीने विचारलं, "आई, मी चुकले का?"

"नाही. तू काहीच चुकली नाहीस."

"मी शंखाचं नीट सांगितलं होतं ना?"

"हो."

"मग तू खरं का सांगितलंस? आता ते आपल्याला घर देणार नाहीत."

समोरच्या रिकाम्या प्लॉटवर वीटभट्टीचा ट्रक उलटा येत होता, तो पूर्ण येईपर्यंत आम्ही दोघी उभ्या राहिलो.

"हे आपलं स्वतःचं घर असणार होतं, रेवू," मी म्हणाले. "इथे अकरा महिने नाही, खूप वर्षं राहायचं होतं. इतकी वर्षं तुला जहाज सांभाळायला लावणं मला जमलं नसतं."

चालता चालता ती म्हणाली, "मला माहीत होतं, जहाज नाहीये ते."

"कधीपासून?"

"दुसरीत गेले तेव्हापासून. पप्पा जहाजावर असते तर तू रात्री रडली नसतीस ना. वाट बघितली असतीस."

बसस्टॉपवर मी तिला जवळ घेतलं. ती म्हणाली, "आई, लोक बघतायत." स्टॉपवर आमच्याशिवाय कुणी नव्हतं.

पुढचे चार दिवस मी ऑफिसात एकही रेघ सरळ मारली नाही. साहेब म्हणाले, "कोरेबाई, हा जिना भिंतीत चाललाय." मी ब्लेड घेतलं आणि खरवडत बसले. मंगळवारी मांजरेकरबाईंचा फोन आला. त्यांना सगळं कळलं होतं.

"मला तरी सांगायचं होतंस," त्या म्हणाल्या. रागावल्या नव्हत्या, पण दुखावल्या होत्या. "एक जोडपं येऊन जागा बघून गेलं. मी त्यांना शनिवारपर्यंत थांबा म्हटलंय. त्यापुढे मला नाही थांबता येणार गं. जावई तिकीट काढून बसलेत."

शनिवारपर्यंत पत्र येईल असं मला वाटत नव्हतं. आणि आलं तर त्यात काय असेल तेही मी धरून चालले होते. गोळेकाकूंकडचा करार एप्रिलमध्ये संपत होता. मी पुन्हा पेपरातल्या छोट्या जाहिरातींवर खुणा करायला लागले.

गुरुवारी संध्याकाळी सहाच्या सुमाराला मी भाजी निवडत होते. खाली अंगणात गोळेकाकूंचा आवाज आला. त्या तुळशीला पाणी घालत होत्या. "कोण पाहिजे?"

"प्रभाताई कोरे इथेच राहतात ना?"

मी जिन्यात आले. उकिडवे सायकल धरून उभे होते. पँटला क्लिपा लावलेल्या, कपाळावर घाम. वारज्यापासून एरंडवण्यापर्यंत ते सायकलवर आले होते.

"वर राहतात. तुम्ही कोण?"

"मी उकिडवे. त्यांनी आमच्या सोसायटीत घर घेतलंय. त्या आमच्या नव्या सभासद. पत्र द्यायला आलोय."

मी कठडा धरला. जिन्याच्या चौथ्या पायरीवर होते मी.

"घर घेतलं?" गोळेकाकूंच्या हातातला तांब्या थांबला. "हे तर बोलली नाही कधी! पण मग मिस्टरांच्या सह्या वगैरे लागतील ना? ते तर जहाजावर असतात."

मला वाटलं, झालं. आता हा नियमाचा माणूस काय ते बोलेल, आणि एप्रिलपर्यंत मला या घरात तोंड दाखवायला जागा राहणार नाही.

उकिडव्यांनी सायकल स्टँडवर लावली. खिशातून रुमाल काढून कपाळ पुसलं.

"सभासद या आहेत," ते म्हणाले. "मिस्टरांचं आमच्याकडे काही काम नाही."

बस, एवढंच. ते खोटं बोलले नाहीत आणि माझं खोटं त्यांनी उघडंही केलं नाही. काकू "असं का" म्हणून पुन्हा पाणी घालायला लागल्या. मी खाली उतरले. उकिडव्यांनी पाकीट माझ्या हातात दिलं. सोसायटीच्या शिक्क्याचं, चारी कोपरे डिंकाने नीट चिकटवलेलं.

"पोस्टाने टाकलं असतं तर शनिवार उलटला असता," ते म्हणाले. "मांजरेकरबाईंचं ते शनिवारचं मला कळलं होतं. म्हटलं, हातानेच पोचवू."

"जठारसाहेब..." मी सुरुवात केली.

"त्यांनी मत विरुद्ध दिलं. रजिस्टरात तसं लिहिलंय. शेवडेबाईंनी आणि मी तुमच्या बाजूने दिलं." क्लिपा नीट करत ते सायकलवर बसले. "पहिल्या आठवड्यात मोटर लावायची पाळी तुमची नाही. सामान लागेपर्यंत शेवडेबाई लावतील, त्याच म्हणाल्या."

मी धन्यवादसुद्धा म्हटलं नाही. ते निघून गेल्यावर वर आले आणि निवडलेली भाजी पुन्हा निवडत बसले.

एक मार्चला आम्ही राहायला गेलो. दोन ट्रंका, एक गॅसची शेगडी, रेवतीचं दप्तर आणि ॲटलास. दारावर नावाची पाटी मी स्वतः केली, ऑफिसातल्या स्टेन्सिलने अक्षरं काढून. प्रभा कोरे, रेवती कोरे. रेवतीने तिच्या नावाखाली पिवळं फूल काढलं. त्या घरात तिने दहावी दिली, बारावी दिली, तिथूनच ती इंजिनिअर झाली. कॉलेजात असताना एकदा ती मैत्रिणींना घेऊन आली होती. कुणीतरी विचारलं, "काका काय करतात गं?" मी स्वयंपाकघरात पोहे परतत होते. रेवती म्हणाली, "ते बार्शीला असतात, आमच्याशी संबंध नाही. तू लिंबू पिळून घेणार का वरून?" मी गॅस बारीक करून जरा उभी राहिले.

जठार दोन वर्षं माझ्याशी बोलले नाहीत. मग एके दिवशी बाल्कनीला ग्रिल लावायचं होतं, त्याचा नकाशा काढून द्याल का, म्हणून आले. चहा पिताना स्वतःच म्हणाले, "मी तुमच्या विरुद्ध मत दिलं होतं, बरं का." मी म्हणाले, "माहीत आहे मला." ते म्हणाले, "हं." पुढे त्यांची ग्रिलची रेघ मी अगदी सरळ मारली.

आजूबाजूची ज्वारी कधीच गेली. रस्ता रुंद झाला, पूल झाला, समोरच्या रिकाम्या प्लॉटवर अकरा मजले उभे राहिले. उकिडवे मात्र सेक्रेटरीच राहिले, सतरा वर्षं. पंचाहत्तरीला आल्यावर त्यांना दिसेनासं झालं. डोळ्यांत काचबिंदू होता. तेव्हा सभेत सगळ्यांनी मिळून ते काम माझ्याकडे दिलं. त्यांच्या सुनेने एक पत्र्याची पेटी वर आणून दिली, तीत सोसायटीचे सगळे कागद होते, वर्षवार, दोऱ्याने बांधलेले.

एका दुपारी मी ते लावत बसले होते. चौऱ्याण्णवच्या गठ्ठ्यात माझा अर्ज सापडला. त्या टपोऱ्या अक्षरात माझं नाव, पाण्याची वेळ, मोटरची पाळी. त्याच्या मागे टाचणीने एक पोस्टकार्ड लावलेलं होतं.

"सेक्रेटरीसाहेब यांस. आपल्याकडे जागा घेत असलेल्या कोरे नावाच्या बाईचा नवरा जहाजावर वगैरे काही नाही. ती नवऱ्याने टाकलेली बाई आहे. दर ठिकाणी हेच सांगून राहते. आपण सभ्य लोक आहात म्हणून वेळीच कळवले. एक हितचिंतक."

अक्षर मला ओळखता आलं नाही. सात घरांपैकी कुठलंही असेल. पोस्टाचा शिक्का मात्र स्वच्छ होता. नऊ फेब्रुवारी. आमची बैठक तेराला होती. आणि कार्डाच्या कडेला, आडवं, उकिडव्यांच्या अक्षरात लिहिलेलं होतं: "ता. १० रोजी पोचले. बिनसही. दप्तरी ठेवावे. सभेपुढे ठेवू नये. भा. उ."

मी तशीच खाली गेले. ते खिडकीशी आरामखुर्चीत बसले होते, मांडीवर ट्रान्झिस्टर. पावलांवरून त्यांनी मला ओळखलं. "या प्रभाताई. कागद जुळतायत का?"

मी कार्ड त्यांच्या हातात दिलं. त्यांनी बोटांनी चाचपलं. "पोस्टकार्ड आहे. जुनं. कुठलं?"

मी वाचून दाखवलं. त्यांनी ट्रान्झिस्टर बंद केला.

"अरे हो. ते."

"तुम्हाला आधीपासून माहीत होतं."

"कार्ड आलं होतं तसं."

"म्हणून तुम्ही जठारांना म्हणालात, तो प्रश्न अर्जात नाही."

"नव्हताच अर्जात," ते म्हणाले. "अर्ज मीच छापून घेतला होता."

"मला तेव्हा तुमचा राग आला होता."

"येणारच. मी मधे तोंड घातलं आणि जठार जास्तच पेटले. माझा अंदाज चुकला."

"हे फाडून का नाही टाकलंत?"

"आलेलं पत्र फाडायचं नसतं हो. पस्तीस वर्षं पोस्टात काढली." कार्ड त्यांनी माझ्याकडे परत केलं. "पण सही नसलेल्या माणसाचं ऐकून सही करणाऱ्या माणसाला जाब विचारायचा, हेही मला पटलं नाही. तुम्ही अर्जावर सही केली होती."

बाहेर मुलं खेळत होती. कुणाचा तरी चेंडू खिडकीच्या जाळीवर आपटला. मला आणखी एक विचारायचं होतं, आणि विचारावं की नाही ते कळत नव्हतं.

"आणि मी त्या दिवशी खरं बोललेच नसते तर?"

उकिडव्यांनी विचार केला. हिशेबी माणूस, उत्तर द्यायला वेळ घ्यायचे.

"तर तुमचे मिस्टर जहाजावर असते," ते म्हणाले. "मी अधूनमधून विचारलं असतं, काय म्हणतात म्हणून."

मी उठले आणि वाकून त्यांच्या पायांना हात लावला. सतरा वर्षांत कधी लावला नव्हता. त्यांनी चटकन पाय मागे घेतले.

"अहो, हे काय? उठा, गुडघे दुखतात ना तुमचे?" आणि आत तोंड वळवून त्यांनी सुनेला हाक मारली. "प्रभाताई आल्यात गं. चहा टाक. त्यांना साखर कमी."